धुळीचा प्रबंध

पीएच.डी. करणाऱ्या मुलाला दिवाळीत एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, ‘संपलं का रे लिहून?’ ब्रायन मे यांना हा प्रश्न तीसहून अधिक वर्षं विचारता आला असता!

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात 1970 साली त्यांनी संशोधन सुरू केलं. विषय, सूर्यमालेतली धूळ. अगदी काळोख्या आकाशात, पहाटेच्या आधी, पूर्वेला कधीकधी फिकट उजेडाचा सुळका दिसतो. तो या धुळीवरून विखुरलेला सूर्यप्रकाश. धुळीचा वेग मोजायला मे तेनेरीफ बेटावर जात. आणि परतले की गिटार! तीही शाळकरी वयात वडिलांबरोबर घरीच बनवलेली, दांडा जुन्या फायरप्लेसच्या चौकटीच्या लाकडाचा. तारा छेडायला चक्क सहा पेन्सचं नाणं.

त्यांचा बँड ‘क्वीन’. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, बरं का. बँड गाजला आणि प्रबंध बाजूला पडला. तो पुन्हा हाती घेतला साठीच्या उंबरठ्यावर, पुरा झाला 2007 मध्ये. नशीब असं, की मधल्या काळात या धुळीकडे फारसं कुणी फिरकलंच नव्हतं.

या सगळ्यात एक लहानपणचा नाद मात्र कधी सुटला नाही. दोन जवळजवळ सारखे फोटो शेजारी ठेवून त्रिमितीचा भास देणारी चित्रं पाहण्याचा. पुढे बेन्नू या लघुग्रहाचीही तशी चित्रं त्यांनी तयार केली.