पाच विद्यार्थ्यांचे विद्यापीठ



चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला लेसोथो हा चिमुकला देश डोंगरांचाच आहे. त्याची सर्वांत सखल भूमीही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे. राजधानी मासेरूपासून जवळच, डोंगरांच्या कुशीत, रोमा नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठास भेट देण्याचा योग मला आला.

१९४५ साली कॅथलिक धर्मपीठाने तेथे महाविद्यालय काढले, ते एका प्राथमिक शाळेच्या इमारतीत. अध्यापक चार, विद्यार्थी अवघे पाच! १९५९ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना जवळजवळ बंद झाली. परंतु रोमाने त्या देशातील तरुणांनाही शिकविले. नामवंत लेखक न्जाबुलो न्डेबेले हे येथीलच पदवीधर. १९६४ मध्ये या महाविद्यालयाचे तीन प्रदेशांचे संयुक्त विद्यापीठ झाले आणि १९७५ पासून ते लेसोथोचे राष्ट्रीय विद्यापीठ आहे. त्याच्या ग्रंथालयास सेसोथो भाषेतील श्रेष्ठ कादंबरीकार टॉमस मोफोलो यांचे नाव दिले आहे.

परतल्यावर दुर्गम गावांतील दोन खोल्यांच्या शाळा पाहताना मला रोमाचे ते पाच विद्यार्थी आठवतात. पट लहान म्हणून शाळेची आशा सोडू नये, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.