जुन्या मालमोटारीचें तेलपाणी



परभणी जिल्ह्यांतील मानवत हें कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव. वेचणी सुरू झाली कीं तेथील बाजार गजबजूं लागतो, सरकी काढण्याचे कारखाने धडधडूं लागतात आणि मालमोटारींची मागणी वाढते. आगगाडीच्या स्टेशनला ‘मानवत रोड’ हें नांव असलें, तरी तें गांवापासून दूर आहे. तेव्हां रस्त्यावरील वाहनावांचून येथील व्यापाराचें चालत नाहीं. नवी मालमोटार घेणें मात्र सर्वांच्या आवांक्यांतलें नसतें. एखादें कुटुंब शेतीचे शिल्लक पैसे आणि कर्ज यांची जुळवाजुळव करून जुनी डिझेल गाडी घेतें. दारांत नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं भाडें मिळालें तर गाडी मालाखालीं जाते. या दोहोंच्या मध्यें एक दिवस राखून ठेवावा व त्या दिवशीं गाडींतील सर्व तेलपाणी बदलून टाकावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

‘तेल गेल्याच महिन्यांत बदललें’ असें विकणारा सांगतो. तें खरेंही असेल. पण कोणतें तेल घातलें आणि किती घातलें, याची नोंद बहुधा नसते. बैलगाडीचें बरें होतें. वंगण लागे तें आसाला, आणि त्याचें नळकांडें गाडीखालींच लोंबत असे. मालमोटारीला पांचसहा निरनिराळीं द्रव्यें लागतात आणि एकाचें काम दुसरें करूं शकत नाहीं. शिवाय काढलेलें जुनें तेल ही त्या गाडीची साक्ष असते. मालकाची जीभ जें सांगत नाहीं, तें तेल सांगतें. म्हणून तें नुसतें ओतून न देतां स्वच्छ भांड्यांत धरून पाहावें.

प्रथम इंजिनाचें तेल. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्याच उष्णतेनें इंधन पेट घेतें. या ज्वलनाची काजळी तेलांत उतरते. म्हणून तेल काळें दिसलें एवढ्यावरून घाबरूं नये. नवें तेलही थोड्याच प्रवासांत काळें होतें. परंतु तें दुधी व फेसाळ असेल, तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. तें फार पातळ असून डिझेलचा वास येत असेल, तर इंधन आंत गळत आहे. धातूचा चकचकीत चुरा दिसला, तर बेअरिंगांची तपासणी झाल्यावांचून गाडींत माल भरूं नये. इंजिन थोडा वेळ चालवून कोमट झाल्यावर तें बंद करून तेल काढावें, म्हणजे गाळही बरोबर वाहून येतो. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. नंतर इंजिन सुरू करून तेलाचा दाब आला असें दिसेपर्यंत वेग वाढवूं नये.

गिअरबॉक्स आणि मागच्या आसावरील क्राऊन यांचें तेल पुष्कळ मालक वर्षानुवर्षें पाहातच नाहींत. येथें एक युक्ति ध्यानांत ठेवावी. तेल भरण्याचा नट आधीं सैल होतो कीं नाहीं तें पाहावें, मगच खालचा नट काढावा. नाहीं तर तेल निघून जातें आणि भरावयास वाट राहत नाहीं. खालच्या नटावर लोहचुंबक असल्यास त्यावरील बारीक करडी पूड स्वाभाविक समजावी. दांत्याचा तुकडा मात्र मोठ्या दुखण्याची सूचना होय.

आतां पाणी. उन्हाळ्यांत ४० अंशांच्या वर तापणाऱ्या मुलखांत रेडिएटरमध्यें विहिरीचें पाणी ओतण्याची संवय सर्वत्र आहे. हें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाहीं. जुनें पाणी काढून, आंतील भाग धुऊन, इंजिनाच्या कारखानदारानें सांगितलेलें कूलंट शुद्ध पाण्यांत योग्य प्रमाणांत मिसळून भरावें. त्यानें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो व गंजही आवरतो. गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आणि कूलंट चवीला गोड पण विषारी असल्यामुळें तें मुलांच्या व गुरांच्या वाटेंत सांडूं देऊं नये.

सर्वांत महत्त्वाचे ब्रेक. मानवतवरून जाणारा कल्याण–निर्मल महामार्ग पश्चिमेस पाथरी, माजलगांव, अहिल्यानगर करीत पुढें माळशेज घाट उतरतो. काळ्या मातीच्या सपाट मुलखांत ब्रेकचा दोष लपून राहतो. तो प्रकट होतो घाटांत, जेथें परत फिरावयास जागा नसते. लहान मालमोटारींच्या ब्रेकमध्यें तेल असतें आणि तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ या प्रतीचें कोरें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या तेलासाठीं तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले, तेल उकळलें, त्यांत वाफेचे बुडबुडे झाले, कीं पावडी खालीं जाते आणि गाडी थांबत नाहीं. हें तेल पूर्णपणें बदलून नळ्यांतील हवा जाणत्या मिस्त्रीकडून काढवावी. मोठ्या गाड्यांचे ब्रेक बहुधा दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांच्या टाक्यांत सांचलेलें पाणी काढावें व हवा कोठें गळते काय तें पाहावें.

डिझेलचा फिल्टरही त्याच दिवशीं बदलावा व त्याच्याजवळील पाणी काढून टाकावें. क्लचचें आणि स्टिअरिंगचें तेल वेगळें असल्यास तेंही पाहावें. कोणत्या जागीं कोणत्या प्रतीचें व किती तेल, हें कारखानदाराच्या पुस्तकांत असतें; तेथें अंदाज चालवूं नये.

काढलेलें तेल ओढ्यांत वा मातींत ओतूं नये. तें पाणी नासवितें. झांकणाच्या डब्यांत सांठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठीं द्यावें.

या सर्वांस कांहीं हजार रुपये लागतील आणि एक दिवसाचें भाडें बुडेल. ऐन हंगामांत हें जिवावर येतें, हें मी जाणतों. परंतु इंजिन निकामी झालें तर सारा हंगाम जातो आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहींत. ब्रेक निकामी झाला तर जें जातें, त्याचा हिशेब वहींत मांडतां येत नाहीं. काम संपल्यावर तारीख, किलोमीटरचा आंकडा व भरलेल्या प्रत्येक तेलाची प्रत एका वहींत लिहावी. शहरांत जुनी मोटार घेणाऱ्या गृहस्थांनींही हीच चाल ठेवावी. पुढें गाडी विकावयाची वेळ आली, तर ती वही नव्या मालकाच्या हातीं द्यावी.