किनाऱ्यावरची नोंदवही

समुद्रापासून दूर असलेल्या नाशिकमध्ये, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सागरी संशोधनाचा विषय निघावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते आणि त्र्यंबकच्याच डोंगररांगेतून निघालेली वैतरणा पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते, म्हणजे येथले पाणी दोन्ही समुद्रांत जाते (आणि त्याबरोबर येथला कचराही, हे वेगळे सांगायला नको). शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरात भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकर यांच्यासारखे खगोलशास्त्रज्ञ होते, तेव्हा विज्ञान हा साहित्याच्या मांडवातला परका पाहुणा आहे, असे तरी नाशिककर म्हणणार नाहीत.

किनाऱ्यावरच्या लोकांना बरोबर घेऊन संशोधन आणि लोकशिक्षण करणारी संस्था कशी उभी राहते, याचे मराठी मुलखातले ठळक उदाहरण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या स्वयंसेवी संस्थेचे आहे. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची पाहणी करत असताना २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी कासवाच्या अंड्यांची टरफले त्यांच्या दृष्टीस पडली आणि तेथून ऑलिव्ह रिडले या समुद्रकासवाच्या संरक्षणाचे काम सुरू झाले. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदोपत्री त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. पण रात्रीच्या निर्जन पुळणीवर अंडी उकरणारे कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्यापर्यंत तो कायदा पोहोचलेला नव्हता.

मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि परतते. मागे राहतो तो ओल्या वाळूवरचा तिचा माग. वल्ह्यांच्या खुणा कोणत्या दिशेला झुकल्या आहेत यावरून ती कोठून आली आणि कोठून गेली हे ओळखणे, आणि काठी हलकेच टोचत जिथे वाळू भुसभुशीत लागेल तिथे थांबणे, ही विद्या गावात अंडी काढणाऱ्यांकडेच होती. संस्थेने शहाणपण केले ते असे, की या जाणकारांना बाजूला न सारता कामात घेतले, आणि अंडी काढणारा हात अंडी राखू लागला. पहाटे सापडलेली अंडी काही तासांतच कुंपणाच्या आतल्या खड्ड्यात हलवावी लागतात, कारण त्यानंतर भ्रूण, म्हणजे अंड्यात वाढणारा जीव, कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि मग अंडे उलटसुलट झाले तर तो दगावतो. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. म्हणून तारीख, अंड्यांची संख्या आणि तापमान यांची नोंद ठेवावी लागते. जुन्या विद्येत जी भर पडली ती मुख्यतः या नोंदवहीची.

येथे साहित्याच्या संमेलनाचा संबंध येतो. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, सुकती, म्हणजे ओहोटी, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचे जाळे, हे शब्द मराठीचे असून मराठी शास्त्रीय लेखनात ते अभावानेच आढळतात. किनाऱ्यावर मिळालेली माहिती इंग्रजी अहवालात जाते आणि ज्याने घरटे शोधले त्याला तो वाचता येत नाही. ही कोणा एका संस्थेची चूक नव्हे, सगळ्या विद्याव्यवहाराची सवय आहे. पण ती मोडण्याचे काम शास्त्रज्ञांपेक्षा लेखकांना सोपे जावे.

वेळासला कासव महोत्सव सुरू झाल्यावर घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली, घरच्या जेवणाला भाव आला आणि कासव जगण्यात गावाचा हिशेब जुळला. (ठरलेल्या वेळी पिल्ले बाहेर आली नाहीत म्हणून कुरकुरणारे पाहुणे असतात, वाळूला वेळापत्रक नसते.) मच्छिमारांच्या बाजूनेही राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक पाऊल टाकले आणि अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली.

ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर मार्च २०२१ मध्ये एका मादीच्या वल्ह्याला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावण्यात आला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी राहतात असा जो समज होता, त्याला या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या प्रवासाने धक्का बसला, आणि ते कळले ते गुहागरच्या वाळूत त्या बिल्ल्यावरचे पाच आकडे कोणीतरी नीट वाचून वहीत उतरवले म्हणून.