मठ हलला, प्रार्थना राहिली
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. अशा समयीं गत पन्नास वर्षांचा वृत्तांत सांगावा, देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, हें सर्व आठवावें, अशी रीत आहे. तें काम आमच्या आधीं बोललेल्या बंधूंनीं उत्तम रीतीनें केलें आहे. म्हणून आम्ही आज आपणांस दूर देशच्या एका मठाची कथा सांगणार आहों. तो मठ आपला नाहीं, त्याची भाषा आपली नाहीं. परंतु पन्नास वर्षें भरलेल्या प्रत्येक घरास जो प्रश्न पडतो, तोच त्या मठासही पडला होता. घर जुनें झालें, घरांतलीं माणसें वृद्ध झालीं, तर काय जपावें आणि काय सोडावें, हा तो प्रश्न होय.

सेमिनारींत असतां आम्हीं संत बेनेडिक्ट यांचा नियमग्रंथ वाचला होता. सहाव्या शतकांत लिहिलेल्या या लहानशा ग्रंथाचीं ७३ प्रकरणें आहेत. तरुण वयांत आम्हांस मौनाचीं, नम्रतेचीं व रात्रीच्या जागरणाचीं प्रकरणें मोठीं वाटलीं, आणि वृद्धांविषयींचें ३७ वें प्रकरण आम्हीं घाईनें ओलांडलें. आज पन्नाशी उलटल्यावर तेंच प्रकरण आम्हांस थांबवून धरितें. संत बेनेडिक्ट त्यांत सांगतात कीं, वृद्ध व बालक यांच्याविषयीं मनुष्याच्या मनांत स्वभावतःच दया असते. तथापि नुसत्या स्वभावावर विसंबूं नये, नियमानेंही त्यांची काळजी वाहावी. अन्नाच्या बाबतींत त्यांना नियमाची कठोरता लावूं नये, ठरलेल्या वेळेच्या आधीं त्यांना जेवूं द्यावें. आणखी एके ठिकाणीं ते म्हणतात कीं, मठाच्या दाराशीं एक शहाणा वृद्ध बसवावा. कारण त्याचें वय त्याला इकडेतिकडे भटकूं देणार नाहीं, आणि येणाऱ्यास उत्तर देण्यास कोणीतरी सदैव सांपडेल. पाहा, वृद्धास त्यांनीं कोपऱ्यांत बसविलें नाहीं, दाराशीं बसविलें!

याच नियमानें चालणाऱ्या, स्टॅनब्रुक नांवाच्या मठाची ही कथा आहे. हा मठ इंग्रज बेनेडिक्टाइन भगिनींचा. परंतु त्याचा जन्म इंग्लंडांत झाला नाहीं. सतराव्या शतकांत त्या देशांत कॅथॉलिक धर्माचरणास कायद्यानें बंदी होती. मग मठ कोठून उभा राहणार? म्हणून सन १६२३ मध्यें ९ इंग्रज तरुणींनीं समुद्र ओलांडून कांब्रे या नगरांत मठाचा आरंभ केला. कांब्रे आज फ्रान्स देशांत आहे. त्या काळीं तें स्पेनच्या राजाच्या अमलाखालीं होतें. त्या नऊ जणींत हेलन मोर नांवाची १७ वर्षांची मुलगी होती. राजा आठव्या हेन्रीपुढें आपली सदसद्विवेकबुद्धि न विकतां ज्यांनीं सन १५३५ मध्यें शिरच्छेद पत्करिला, त्या संत थॉमस मोर यांच्या वंशांतली ही कन्या. मठांत तिनें गर्ट्रूड हें नांव घेतलें. सन १६३३ मध्यें देवीच्या रोगानें ती निवर्तली, तेव्हां तिचें वय अवघें २७ वर्षांचें होतें.

कांब्रे येथें हा मठ सुमारें १७० वर्षें नांदला. मग फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. ऑक्टोबर १७९३ मध्यें २२ भगिनींना मठांतून बाहेर काढून कोंपिएन्य येथें बंदींत ठेविलें. तेथें चार भगिनींनीं देह ठेविला. पुढच्या वर्षीं त्याच बंदिवासांत कोंपिएन्य येथीलच कार्मेल मठांतल्या १६ जणींना आणिलें. १७ जुलै १७९४ रोजीं त्या सोळाही जणींचा पॅरिस शहरांत गिलोटिनखालीं वध झाला. त्यांचे जे साधे कपडे मागें राहिले, ते बेनेडिक्टाइन भगिनींना घालावयास मिळाले. सन १७९५ मध्यें सुटका झाली, तेव्हां हुतात्म्यांचे तेच कपडे अंगावर घेऊन त्या इंग्लंडच्या किनाऱ्यास लागल्या. त्या सोळा जणींना संत पापा फ्रान्सिस यांनीं १८ डिसेंबर २०२४ रोजीं संतपद दिलें. बंधूंनो, मठ गेला, ग्रंथसंग्रह गेला, झगा गेला. उरल्या त्या भगिनी आणि त्यांची प्रार्थना; आणि तेवढ्यावर मठ पुन्हा उभा राहिला.

इंग्लंडांतही त्यांस लगेच स्थिर जागा मिळाली नाहीं. प्रथम लिव्हरपूलजवळ वूल्टन येथें, मग वॉरिकशायर परगण्यांतील एका जुन्या वाड्यांत त्यांनीं दिवस काढिले. अखेर सन १८३८ मध्यें वूस्टरशायर परगण्यांतील स्टॅनब्रुक येथें त्या आल्या. तेथें त्यांचा उत्कर्ष झाला. प्रसिद्ध शिल्पकार पुजिन यांचे पुत्र एडवर्ड पुजिन यांनीं बांधिलेल्या मंदिराचें समर्पण सन १८७१ मध्यें झालें. सन १८७६ मध्यें भगिनींनीं आपला छापखाना काढिला, आणि त्याच्या सुबक छपाईची कीर्ति दूरवर गेली. मठमाता लॉरेन्शिया मॅक्लाक्लन यांची ग्रेगोरियन गायनांतील विद्वत्ता मोठी होती. नाटककार बर्नार्ड शॉ यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला होता. उंच मनोरा, लांब ओवऱ्या, विस्तीर्ण इमारती. पाहणारास वाटावें कीं, हा मठ येथून कल्पांतींही हलणार नाहीं.

परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील बहुतेक मठांत जें घडलें, तें येथेंही घडलें. नव्या उमेदवार कमी येऊं लागल्या. आलेल्यांचें वय वाढत गेलें. भगिनी कमी झाल्या, इमारत मात्र जेवढी होती तेवढीच राहिली. त्या देशांतला हिंवाळा आपल्याकडच्या थंडीसारखा नव्हे. एवढें मोठें घर ऊबदार ठेवावयाचें, छपरें दुरुस्त करावयाचीं, लांब ओवऱ्या झाडावयाच्या, जिने चढावयाचे, याचा भार थोड्या आणि थकत चाललेल्या हातांवर पडला. जें घर प्रार्थनेसाठीं बांधिलें, तेंच घर प्रार्थनेचा वेळ व बळ खाऊं लागलें. पुजिनचें मंदिर सुंदर होतें यांत संशय नाहीं. पण मंदिराची सेवा करितां करितां देवाची सेवा मागें पडूं लागली, तर काय करावें?

येथें एक मोठी अडचण होती. बेनेडिक्टाइन मठांत प्रवेश करणारी व्यक्ति स्थैर्याचें व्रत घेते. जेथें आलों तेथेंच आमरण राहावयाचें, असा त्याचा साधा अर्थ आपण करितों. ज्या भगिनीनें वयाच्या विशींत स्टॅनब्रुकच्या दारांतून आंत पाऊल टाकिलें, जिनें तेथेंच आपल्या वडील भगिनींना मूठमाती दिली, आणि आपलीही माती तेथेंच पडेल असें मनाशीं धरून जी साठ वर्षें जगली, तिला ऐंशीव्या वर्षीं ‘आतां येथून निघावें’ असें सांगणें सोपें आहे काय? ज्यांनीं वृद्ध आईबापांना जुनें घर सोडावयास लाविलें आहे, त्यांना याचें उत्तर ठाऊक आहे.

संत बेनेडिक्ट यांनीं अशा वेळेसाठींही मार्ग सांगून ठेविला आहे. महत्त्वाचा निर्णय करावयाचा असेल तेव्हां मठाच्या मुख्यानें सर्वांना एकत्र बोलवावें व प्रत्येकाचें म्हणणें ऐकावें. कारण उत्तम गोष्ट पुष्कळदां देव तरुणाच्या मुखानें प्रकट करितो, असें ते तिसऱ्या प्रकरणांत म्हणतात. आणि तेच आपल्या ग्रंथांत दुसरीकडे आज्ञा करितात कीं, तरुणांनीं वडिलांचा मान राखावा, वडिलांनीं तरुणांवर प्रेम करावें. हीं दोन वचनें एकमेकांपासून तोडलीं तर घर मोडतें. वृद्धांचेंच ऐकलें तर घर जागच्या जागीं झिजून जातें. तरुणांचेंच ऐकलें तर घर उभें राहतें, पण त्यांत वृद्धांस जागा उरत नाहीं.

सन २००२ मध्यें या भगिनींनीं स्टॅनब्रुक सोडण्याचा निश्चय केला. रस्त्यानें दीडशें मैलांहून अधिक दूर, उत्तर यॉर्कशायरमधील वॉस या खेड्याजवळ डोंगरउतारावर त्यांनीं जागा घेतली. जवळच अँपलफोर्थ हा बेनेडिक्टाइन बंधूंचा मठ. आणि खालच्या बाजूस बायलँड या प्राचीन सिस्टर्शियन मठाचे भग्नावशेष. त्या बायलँडचे संन्यासीही बाराव्या शतकांत जागा बदलीत बदलीत सन ११७७ मध्यें तेथें स्थिरावले होते. म्हणजे हलणाऱ्या मठांची सोबत भगिनींना तेथें आपोआपच मिळाली.

मे २००९ मध्यें त्या वॉस येथें राहावयास गेल्या. नवें घर जुन्याहून लहान आणि साधें, आपल्या गरजेपुरतें. पावसाचें पाणी सांठवावयाचें, सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावयाचा, लांकडाच्या तुकड्यांवर भट्टी चालवून घर ऊबदार ठेवावयाचें, अशी योजना त्यांनीं केली, कीं देवाच्या सृष्टीवरही भार पडूं नये. आणि एक गोष्ट आमच्या मनांत फार भरली. प्रथम राहण्याचें घर झालें. मंदिर मागाहून, सन २०१५ मध्यें समर्पित झालें. मधलीं सहा वर्षें त्यांची स्तोत्रें मंदिरावांचून थांबलीं नाहींत. वृद्ध भगिनींच्या निवाऱ्याची सोय आधीं, शोभा नंतर, हा क्रम पाहून देवास कमीपणा वाटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. जुन्या स्टॅनब्रुकच्या इमारतींत पुढें हॉटेल झालें. हें ऐकून तुम्हांस हळहळ वाटेल, आम्हांसही वाटली. परंतु ‘स्टॅनब्रुक’ हें नांव भगिनी आपल्याबरोबर वॉस येथें घेऊन गेल्या. स्थैर्याचें व्रत भिंतींशीं नव्हतें, एकमेकींशीं होतें. ज्या मंडळींबरोबर देवास शोधावयाचें वचन दिलें, त्या मंडळीस सोडावयाचें नाहीं, हा त्या व्रताचा गाभा; आणि तो गाभा जपण्यासाठींच त्यांनीं वास्तु सोडिली.

आतां आपल्या घराकडे वळूं. गेल्या वर्षीं आम्ही एका वृद्ध माउलीस घरीं पवित्र कम्युनियन देण्यास गेलों होतों. आम्हीं सहज विचारिलें, “आजी, रविवारीं मिस्सेला दिसत नाहीं तुम्ही?” ती म्हणाली, “फादर, देवळाला अकरा पायऱ्या आहेत. देव वर राहिला, आम्ही खालीं राहिलों.” तिच्या बोलण्यांत राग नव्हता; तेणेंकरून तें अधिकच लागलें. त्या पायऱ्या आम्ही रोज चढतों. एकदांही मोजल्या नव्हत्या. आपल्या महोत्सवाच्या पहिल्या सभेंत दर्शनी कमानीवर किती खर्च करावा याचा आम्हीं तासभर खल केला. त्या पायऱ्यांविषयीं एक शब्द निघाला नाहीं. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं, तुमच्या धर्मगुरूचा आहे, आणि आज सर्वांसमक्ष आम्ही तो कबूल करितों.

आपल्या धर्मग्रामांतही घरें मोठीं झालीं आहेत आणि माणसें कमी. मुलें आखातांत, कॅनडांत, किंवा मुंबईच्या उपनगरांत. दुमजली बंगल्यांत दोन म्हातारीं जपमाळ म्हणत बसलेलीं. त्यांना दाराशीं बसवावयाचें कीं कोपऱ्यांत, हें आपण ठरवावयाचें आहे.

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींपुरतें आहे. महोत्सवाच्या निधींतून पहिला खर्च देवळाच्या बाजूस उतार आणि धरावयास कठडा करण्याचा व्हावा; कमान त्यानंतर. दुसरें, वडीलधाऱ्यांनो, ज्या किल्ल्या, जीं हिशेबाचीं बुकें, ज्या मंडळाच्या जागा तुम्हीं तीस वर्षें निष्ठेनें सांभाळिल्या, त्या आतां प्रेमानें तरुणांच्या हातीं द्या. ऐंशीव्या वर्षीं ज्यांनीं मठ सोडिला, त्यांचें स्मरण करा. किल्ली सोडणें त्याहून कठीण नाहीं. तिसरें, तरुणांनो, किल्ली हातीं येतांच जुन्यांस विसरूं नका. त्यांना विचारा, त्यांचें ऐका, त्यांना मिस्सेस घेऊन या. नऊ मुलींनीं जो दिवा कांब्रे येथें लाविला, तो वृद्ध भगिनींनीं वॉस येथें नेला. आरंभ तरुणांनीं केला, निर्वाह वृद्धांनीं केला, आणि दोघांवांचून ती कथा पुरी होत नाहीं.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं हें देऊळ आपल्या हातांनीं बांधिलें. पुढच्या पन्नास वर्षांत त्याचें काय होईल, तें देव जाणे. भिंती कदाचित् बदलतील. एकमेकांस न सोडण्याचें वचन मात्र आपल्या हातीं आहे. पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें प्रभु येशू तें पाळण्याचें बळ आपणां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.

आमेन.