रक्तक्षय, मूत्रपिंड आणि औषधदान

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानातील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. मंदिराच्या पायऱ्या चढताना आजोबांना धाप लागते, प्रवचनात आजींना ग्लानी येते, आपण म्हणतो, "वय झाले." मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांच्या बाबतीत हे वाक्य पुष्कळदा चुकीचे ठरते. त्यामागे रक्तक्षय असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

मूत्रपिंड केवळ रक्त शुद्ध करीत नाही. एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक निर्माण करून ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनविण्याचा संदेश देते. मूत्रपिंड दुर्बल झाले की हा संदेश क्षीण होतो. शिवाय शरीरातील दाहामुळे साठलेले लोहही नीट वापरले जात नाही. म्हणून केवळ खजूर, गूळ आणि बीट खाऊन ही उणीव भरून निघत नाही. उलट मधुमेहींना गुळाने साखर आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना खजुराने पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो.

प्रथम कारण शोधावे. हिमोग्लोबिनबरोबर क्रिएटिनिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन व बी-१२ तपासावे. शाकाहारी ज्येष्ठांत, विशेषतः दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते. शौचावाटे नकळत रक्त जात नाही ना, हेही पाहावे. लोह कमी असल्यास गोळ्या, आणि त्या लागू न पडल्यास शिरेतून लोह दिले जाते. त्यानंतरही हिमोग्लोबिन १० च्या खाली राहिले, तर एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचा विचार होतो. ते साधारणतः १० ते ११.५ पर्यंत आणणे पुरेसे असते. त्याहून फार वर नेण्याचा हट्ट हृदयाला व मेंदूला घातक ठरू शकतो, हे २००६ आणि २००९ मधील मोठ्या अभ्यासांतून दिसून आले. येथेही अतिरेक नको, संयमच हवा.

"डॉक्टर, हे इंजेक्शन प्राणिज आहे का?" हा प्रश्न श्रावकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. १९७७ मध्ये हे मानवी संप्रेरक सुमारे २,५५० लिटर मूत्रातून प्रथम शुद्ध स्वरूपात मिळविले गेले. आज ते प्रामुख्याने कारखान्यात वाढविलेल्या पेशींपासून तयार होते. या पेशींचा मूळ वंश १९५० च्या दशकात हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून घेतलेला आहे. प्रत्येक इंजेक्शनसाठी प्राणी मारला जात नाही. तथापि हे मूळ लपविणे सत्यव्रताला धरून होणार नाही. २०२२ मध्ये भारतात डेसिडुस्टॅट या गोळीला मान्यता मिळाली. तिचे औषधी द्रव्य रासायनिक संश्लेषणाने बनते. परंतु तीही सर्वांना चालते असे नाही. निवड मूत्रपिंडतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलूनच करावी.

रात्रिभोजनत्यागाचा नियम, एकाशन किंवा निर्जल उपवास करणार असाल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळ्यांच्या वेळा बहुधा सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. न सांगता औषध सोडणे मात्र घातक ठरते.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांत औषधदानाचे स्थान मोठे आहे. या सुवर्णवर्षी आपल्या शिबिरांत साठीपुढील प्रत्येकाचे हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन एकाच वेळी तपासले जावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे. थकलेल्या ज्येष्ठाला पुन्हा स्वतःच्या पायांनी दर्शनाला जाता आले, तर ते औषधदान सार्थ झाले असे मी समजेन.

जय जिनेंद्र!