बर्टनचा हॅम्लेट

१९६४ साली न्यूयॉर्कच्या लंट-फॉन्टॅन थिएटरात जॉन गिलगुड यांनी बसवलेला ‘हॅम्लेट’ जोरात चालला होता. नायक रिचर्ड बर्टन. प्रेक्षक समोर बसलेले असताना, चालू प्रयोगातच इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी त्याचं चित्रण झालं आणि त्याच सप्टेंबरात दोन दिवस ते अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत दाखवलं गेलं.

चित्रपट म्हणून ते फसलेलं आहे. रंगमंचाच्याच उजेडावर भागवल्यामुळे चित्र मळकट, मागची माणसं काळोखात बुडालेली. गिलगुडांनी नटांना तालमीच्या कपड्यांत उभं केलं होतं. नाट्यगृहात ही कल्पना खुलली असेल, पण पडद्यावर राजा कोण आणि दरबारी कोण हे ओळखेपर्यंत प्रवेश पुढे सरकतो. भूत म्हणजे भिंतीवरची सावली आणि गिलगुडांचा ध्वनिमुद्रित आवाज. शेवटच्या रांगेसाठी केलेले हातवारे कॅमेरा जवळ गेला की अंगावर येतात. ह्यूम क्रोनिन यांचा पोलोनियस तेवढा झकास.

आणि बर्टन! काळा स्वेटर, काळी पँट, एवढाच वेश. वेल्समधल्या खाणकामगाराच्या या मुलाचा आवाज खर्जातला, खणखणीत. दुसऱ्या अंकाच्या शेवटचं स्वगत ऐका. फिरत्या नाटकमंडळीतला नट खोट्या दुःखासाठी खरे अश्रू ढाळून गेलाय आणि ज्याच्या बापाचा खून झाला, तो नुसता बसून आहे. बर्टन स्वतःला शिव्या घालत चढत जातो, सुडाच्या नावानं ओरडतो, आणि लगेच त्या ओरडण्याचीच त्याला लाज वाटते. पोलोनियसची फिरकी घेताना हाच आवाज इतका हलका होतो, की प्रेक्षकांचं हसू फितीवर उमटलंय. हा हॅम्लेट कुढणारा, दुबळा नाही. अंगात बळ आहे, ते कुठे लावावं हे त्याला उमगत नाही. मला हा हॅम्लेट मनापासून पटतो.

चित्रपटगृहांतले खेळ संपल्यावर चित्रणाच्या प्रती नष्ट करायचं ठरलं होतं. १९८४ मध्ये बर्टन गेले, त्यानंतर त्यांच्या घरात एक प्रत निघाली. केवढं हे भाग्य! आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरावरून नट गणपतराव जोशींनी उभा केलेला हॅम्लेट महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला, पण आपल्या हाती उरली ती पाहणाऱ्यांनी लिहिलेली वर्णनं. गणपतरावांची अशी मळकट फीत असती, तर मी तिची पारायणं केली असती.

बर्टनचं हे चित्रण मिळालं तर जरूर पाहा. तीन तासांहून मोठं आहे, एका बैठकीत संपवायची घाई करू नका. आधी स्वगतं गाठा, मग कबरस्तानातला प्रवेश.