पडद्यापलीकडच्या माणसाकडे पाहा



केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात व्यायाम आणि योगशिक्षकांचा मेळावा भरतो आणि त्यात ऑनलाइन वर्ग हा मुख्य विषय ठरतो, याचा मला मनापासून आनंद झाला. हा विषय पुण्या-मुंबईचा, असं आपल्याकडे अजून समजलं जातं. मला तो इथला वाटतो. शहरातल्या बाईच्या घराजवळ एखादा तरी वर्ग चालू असतो. इथल्या बाईला वर्गासाठी केजला किंवा अंबाजोगाईला जायचं म्हटलं, तर एसटीची वेळ, शेतातलं काम, घरच्यांची मर्जी आणि भाड्याचे पैसे हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. ते आठवड्यात एकदा जुळलं तरी नशीब. फोन मात्र आता बहुतेक घरांत आहे.

अंतरावरून व्यायाम शिकवणं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि 1928 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढून ते संस्थानाच्या सीमेपार पोहोचवले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. ज्या गावात वस्ताद नव्हता, तिथल्या पोरांनाही त्यामुळे आखाड्याची विद्या वाचायला मिळाली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचं ‘लाइट ऑन योगा’ 1966 मध्ये आलं. त्यात सुमारे 600 छायाचित्रं आहेत, आणि ती समोर ठेवून जगभरातल्या माणसांनी आसनं केली. या सगळ्या थोर कामाला एकच मर्यादा होती. पुस्तक वाचणाऱ्याला पुस्तक दिसतं, पुस्तकाला वाचणारा दिसत नाही. गुडघा वाकडा गेला, श्वास कोंडला, मान आखडली, तरी पान गप्पच राहतं. याच अय्यंगारांची वर्गातली ख्याती विद्यार्थ्याचं आसन पाहून ते जागच्या जागी दुरुस्त करण्याची होती, हे इथे आवर्जून सांगते.

24 मार्च 2020 रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि आपले वर्ग बंद पडले. महाराष्ट्रात व्यायामशाळा पुन्हा उघडायला 25 ऑक्टोबरचा दसरा उजाडला. त्या सात महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी घाईघाईने फोन भिंतीला टेकवला, समोर सतरंजी अंथरली आणि शिकवायला सुरुवात केली. त्या घाईत एक सवय अंगवळणी पडली, ती अजून सुटलेली नाही. आपण तासभर स्वतः व्यायाम करतो आणि समोरच्यांनी आपल्याकडे बघून करावा, अशी अपेक्षा ठेवतो. पर्वतासनात आपलं डोकं खाली, शवासनात आपले डोळे मिटलेले. मग बघतं कोण? अशा वेळी तो थेट वर्ग राहतच नाही, ठरावीक वेळेला लागणारी चित्रफीत होते. चित्रफीत तर यूट्यूबवर फुकट आहे, आणि बहुधा आपल्यापेक्षा चांगल्या उजेडात काढलेली आहे.

म्हणून आज माझं सांगणं एकच आहे. थेट वर्गात शिक्षकाचं पहिलं काम पाहणं आहे. करून दाखवणं त्यानंतर येतं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? खुर्चीवरून उठबस हा अगदी साधा व्यायाम घ्या. शिक्षिकेने खुर्ची कॅमेऱ्याला तिरकी ठेवावी, म्हणजे गुडघा आणि कंबर दोन्ही दिसतात. दोनदा सावकाश करून दाखवावं. मग स्वतः थांबून फोनजवळ यावं, पडद्यावर सगळ्यांचे चौकोन उघडावेत आणि एकेक चौकोन पाहत जावं. समजा, एक काकू उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटतायत, टाचा उचलल्या जातायत, गुडघे आत झुकतायत. तिन्ही दोष एकदम सांगितले तर त्या गोंधळतील. आधी पाय. “काकू, पाय थोडे मागे घ्या, खुर्चीकडे. टाच जमिनीला चिकटू द्या.” त्या करतील. पुढच्या वेळी, “आता गुडघा पायाच्या मधल्या बोटाकडे.” तेही जमलं की हात सुटतात का ते पाहायचं. नाही सुटले तर खुर्चीवर एक घडी घातलेली गोधडी ठेवायला सांगायची. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. या दोन मिनिटांत शिक्षिकेच्या कपाळावर घामाचा थेंब आलेला नाही, पण शिकवणं घडलं आहे.

नाव घेऊन बोला. नुसतं “छान चाललंय” म्हटलं तर ते कुणालाच लागू पडत नाही. आणि दुरुस्ती सांगितल्यावर ती झाली की नाही हे पाहिल्याशिवाय पुढच्या चौकोनाकडे जाऊ नका. याच कारणाने मी माझ्या वर्गात बारा-पंधरांपेक्षा जास्त जणी घेत नाही. नागपूरच्या सौरभ बोथरांच्या ‘हॅबिल्ड’ने ऑनलाइन योग फार मोठ्या संख्येपर्यंत नेला आहे. रोज ठरल्या वेळी सतरंजीवर यायची सवय लोकांना लावणं ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला आदर वाटतो. पण हजारोंच्या वर्गात शिक्षकाला कुणाचाही गुडघा दिसू शकत नाही. ते काम आपल्यासारख्या गावोगावच्या शिक्षकांसाठी शिल्लक आहे आणि ते आपणच करायला हवं.

डाव्या-उजव्याचा घोळ तुम्ही सगळ्यांनी अनुभवला असेल. फोनवर आपल्याला आपलं चित्र आरशातल्यासारखं दिसतं, समोरच्यांना तसं दिसत नाही. त्यांना आपण समोर उभ्या असलेल्या माणसासारखे दिसतो. म्हणून त्यांचा उजवा हात वर हवा असेल, तर मी स्वतः डावा वर करते आणि तोंडाने “जेवायचा हात वर” असं म्हणते. “उजवा” ऐकल्यावर एखादी क्षणभर विचार करते, “जेवायचा हात” म्हटल्यावर करत नाही.

आता अवघड प्रश्नाकडे येते. कॅमेरा बंद असेल तर पाहायचं काय? आपल्या वर्गातल्या किती जणींचे चौकोन काळे असतात, हे तुम्हाला माहीत आहे. कधी रेंज नसते, कधी रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत मुलाच्या अभ्यासात संपलेला असतो. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. मागच्या खोलीत सासरे बसलेले असतात, अंगावर घरातला गाऊन असतो, पडद्यावर अनोळखी बायका असतात. या संकोचाला नावं ठेवू नका आणि कॅमेरा सुरू करण्याची सक्तीही करू नका. मी सांगते, “चेहरा नको, पाय दाखवा.” फोन जमिनीवर, भिंतीला टेकवून, कमरेपासून खाली दिसेल असा. उठबस, उभ्याची आसनं, तोल सांभाळायचे व्यायाम यांतलं बरंचसं पायांवरून कळतं. चेहरा चौकटीत नाही म्हटल्यावर बऱ्याच जणी तयार होतात. जिला तेही नको तिच्याकडे आवाज आहे. व्यायाम चालू असताना तिला एखादं लांब वाक्य बोलायला सांगा. बोलता येतंय पण गाता येणार नाही, इतका श्वास लागला असेल तर व्यायाम मध्यम जोराचा आहे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर थांबवा. वर्गाचं रेकॉर्डिंग मात्र प्रत्येकीला विचारल्याशिवाय करू नका, आणि केलं तर ते गटावर टाकू नका. एका बाईचं चित्र नको त्या फोनवर गेलं, तर त्या गावातून पुन्हा कुणी वर्गाला येणार नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगते. चित्र अडखळलं तरी वर्ग चालतो, आवाज तुटला की बसतो. साधा तारेचा इअरफोन किंवा कॉलरला लावायचा स्वस्त माइक घ्या, पंखा बंद करा, खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवा. आपला आवाज प्रत्येकीपर्यंत थोड्या वेगळ्या उशिराने पोहोचतो. त्यामुळे एखादी आकड्याला मागे पडलेली दिसली तरी तिला टोकू नका, बहुधा ती बरोबर असते. सगळ्यांचे माइक एकदम उघडून ओंकार म्हणण्याचा हट्टही सोडा. संगणक एकाच आवाजाला वाट देतो आणि बाकीचे कापतो.

मोफत झूमवर 40 मिनिटांची मर्यादा असते, याची पुष्कळांना अडचण वाटते. मला ती सोयीची वाटते. पहिली पाच मिनिटं विचारपूस, तीस मिनिटं व्यायाम, शेवटची पाच बोलण्यासाठी. आठवड्यात असे पाच वर्ग झाले की 150 मिनिटं होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं मध्यम व्यायामाचं किमान प्रमाण तेवढंच आहे. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायामही सांगितले आहेत. आपण योगशिक्षक याकडे थोडं दुर्लक्ष करतो. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. ते प्रत्येक घरात आहे.

मित्रहो, आपल्या बीड जिल्ह्यात शिकवताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी इथली किती घरं कुलूपबंद होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, पहाटे फडात, कमरेत वाकून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन गाडीपर्यंत चढण, रात्री कोपीवर येऊन स्वयंपाक. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा आकडा व्यायामशिक्षकाच्या कामाचा आहे. त्यातली एखादी बाई उद्या आपल्या वर्गात येते, कॅमेरा बंद ठेवते आणि आपण तिला पोटावर जोर देणारे व्यायाम, कपालभाती, नौकासन सांगू लागतो. विचारलं नाही तर ती सांगत नाही.

म्हणून पहिल्या वर्गाच्या आधी प्रत्येकीला एकटीला फोन करा. शस्त्रक्रिया झाली आहे का, कधी झाली, रक्तदाब आहे का, गोळ्या चालू आहेत का, चक्कर येते का, दिवस गेले आहेत का, हे गटावर न विचारता खाजगीत विचारा. उत्तर ऐकून शंका आली तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून यायला सांगा आणि त्यानंतरच सुरुवात करा. गर्भाशयासोबत अंडाशयं काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला ताकदीच्या व्यायामाची गरज इतरांपेक्षा जास्त असते, आणि तो हळूहळू वाढवायचा असतो. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा. आणि प्रत्येकीचा पत्ता, गावातल्या खुणेसह, शिवाय घरातल्या किंवा शेजारच्या एकाचा नंबर, कागदावर लिहून फोनशेजारी ठेवा. पडद्यावर कुणी कोसळलं तर आपण धावत जाऊ शकत नाही. 108 ला फोन करताना त्यांना सांगायला पत्ता आपल्याजवळ हवा.

“दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला?” हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. फडात तिची कंबर सहा महिने एकाच दिशेने वाकते. व्यायामात ती उलट दिशेने उघडायची असते. फडातली गती मुकादम आणि गाडी ठरवते, इथे ती स्वतः ठरवते. पोटावर झोपून केलेलं सोपं भुजंगासन, भिंतीला पाठ लावून खांदे मागे ओढणं, ओझं उचलण्याआधी गुडघ्यातून बसणं, एवढं तिला नीट शिकवलं तरी पुष्कळ झालं. मात्र वर्गाची वेळ तिच्या सोयीची ठेवा. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो त्या वेळी वर्ग ठेवलात तर कुणी येणार नाही, आणि त्यात तिची चूक नसेल. पुण्यातले काही शिक्षक अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वर्ग घेतात. तिथली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासाने सरकली की ते आपली वेळ बदलतात. तितकाच मान आपल्या टँकरच्या वेळेला मिळायला हवा.

शेवटी फीबद्दल. संकोच न करता फी घ्या. फुकट वर्ग चार महिन्यांत बंद पडतो, कारण शिक्षकालाही घर चालवायचं असतं. पण जी देऊ शकत नाही तिला वर्गात ठेवा, आणि ती देत नाही हे दुसऱ्या कुणाला कळू देऊ नका. पंचायत समिती आणि आरोग्य विभागाकडे आपण एक मागणी नक्की करावी. ऊसतोडणीहून परतणाऱ्या महिलांसाठी गुढीपाडव्यानंतर असे छोटे थेट वर्ग सुरू व्हावेत, आणि शिक्षकाला त्याचं मानधन मिळावं. त्या मागणीचा मसुदा आपण आज संध्याकाळच्या आत तयार करू. दुपारच्या सत्रात शाळेच्या दोन खोल्यांत फोन लावलेले आहेत. एका खोलीत शिक्षक, दुसऱ्या खोलीत इथल्याच काही भगिनी व्यायामाला बसतील. प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं आहे, आणि त्यातली सहा मिनिटं स्वतः व्यायाम न करता. जेवण उरकून दोन वाजता पहिली तुकडी तयार ठेवा.